कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल महिने मोजून बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर गेल्या पंधरवड्यात एक छोटा मजकूर आला होता. गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालत असेल तर एकदा महागातलं सिंथेटिक ऑइल टाका आणि दोन वर्षं निर्धास्त राहा, असा त्याचा सूर होता. ते कात्रण खिशात घेऊन गिऱ्हाइकं दुकानात यायला लागली, म्हणून हे पत्र लिहायला बसले. हा सल्ला चुकीचा आहे. ज्यांच्यासाठी तो छापला, नेमक्या त्यांच्याच गाड्यांना तो सगळ्यांत जास्त नडेल.

माझं साताऱ्यात ऑइल आणि स्पेअरपार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, त्यांचे गुडघे गेल्यावर गल्ल्यावर मी बसले ती अजून तिथेच आहे. मी मेकॅनिक नाही, हातात पाना धरत नाही. पण कुठल्या गाडीत कुठलं ऑइल पडतं, किती दिवसांनी पडतं आणि पुढे त्या इंजिनाचं काय होतं, हे गल्ल्यावरून बरंच कळतं. आजूबाजूच्या गॅरेजमधली पोरं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं की फोटो काढून पाठवतात, "काकू, हे बघा." त्यांतले सगळ्यांत वाईट फोटो पुण्या-मुंबईला रोज पळणाऱ्या टॅक्सींचे नसतात. ते असतात शाहूपुरीतून राजवाड्याला, गोडोलीतून पोवई नाक्यावर, एवढंच फिरणाऱ्या गाड्यांचे. निवृत्त मास्तरांची गाडी, डॉक्टरीणबाईंची दवाखान्यात जायची गाडी, नातवाला शाळेत सोडायची गाडी. बाहेरून लखलखीत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली, आणि आत चिकट काळा थर.

असं का होतं, तर पाण्यामुळे आणि पेट्रोलमुळे.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या टोकातून जे टपटपतं ते हेच पाणी. बहुतेक वाफ होऊन बाहेर जातं. थोडं मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि इंजिन गार असेल तर तिथेच पाणी होऊन साचून राहतं. पेट्रोलचंही तसंच. गार इंजिन चालू राहावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीची काही मिनिटं जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं सगळं जळत नाही. जे उरतं ते सिलेंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या टर्बो गाड्यांत हे प्रमाण आणखी जास्त.

गाडी तासभर हायवेला लागली तर हे सगळं निस्तरतं. ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं, पाणी उडून जातं, पेट्रोलचा हलका भागही उडतो आणि त्या वाफा नळीवाटे पुन्हा इंजिनात ओढल्या जाऊन जळून जातात. पण दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल तेवढं तापतच नाही. इथे लोकांची फसगत होते ती काट्याने. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला किंवा निळा दिवा विझला की इंजिन गरम झालं, असं आपण धरून चालतो. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइलला तिथवर पोचायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ सहज लागतो. भाजी घेऊन परत घरी आलात तरी चेंबरमधलं ऑइल कोमटच असतं. संध्याकाळी देवळात जाताना पुन्हा थोडं पाणी, थोडं पेट्रोल. महिनोन् महिने नुसती भर पडत राहते, बाहेर काही जात नाही.

मग त्या पाण्यात ज्वलनातले वायू मिसळून आम्ल तयार होतं. ते मारायला ऑइलमध्ये क्षार घातलेले असतात, पण ते मोजकेच असतात आणि वापरले की संपतात. अशा गाडीत किती किलोमीटर झाले याच्याशी त्यांच्या संपण्याचा फारसा संबंध नाही. गार इंजिन किती वेळा सुरू झालं आणि किती दिवस गेले, यावर ते ठरतं. म्हणून मी म्हणते, अशा गाडीचा हिशोब महिन्यांवर ठेवा.

गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका कुणी उघडत नाही, ती कप्प्यात विम्याच्या कागदांखाली असते. ती उघडा. सर्व्हिसिंगच्या तक्त्यात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असं बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना दिलेलं असतं. "जे आधी येईल ते" हे चार शब्द त्या मजकुराने सोडून दिले. आणखी दोन-चार पानं उलटलीत तर खडतर वापराचा वेगळा तक्ता सापडतो. खडतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यवतेश्वरचा घाट नाहीतर माणदेशातला फुफाटा येतो. तोही त्या यादीत असतो, पण बहुतेक कंपन्यांच्या यादीत वारंवारच्या छोट्या फेऱ्याही असतात, आणि तिथे ऑइलची मुदत साधारण निम्मी केलेली असते. म्हणजे नातवाला शाळेत सोडणाऱ्या आजोबांची गाडी कंपनीच्या लेखी खडतर वापरातली आहे. हे सांगितलं की आजोबा हसतात.

माझं मत विचाराल तर सहा महिने. महिन्यातून एक-दोनदा कोरेगाव-वाईकडे चक्कर होत असेल तर नऊ-दहा महिने चालेल. वर्षाच्या पुढे कुणीही जाऊ नये, ऑइल कितीही महाग असो.

आता गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. "ताई, जरा जाड ऑइल द्या." ही सवय ॲम्बेसेडर-फियाटच्या काळातली. तेव्हा २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइलचे नंबरच चालायचे आणि त्या इंजिनांना ते शोभायचेही. आताच्या छोट्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटी, ऑइलचे मार्ग, व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा, सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असताना १५डब्ल्यू-४० टाकलं की सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू होताना ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो. आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीची सकाळ दिवसातून चार वेळा होते!

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा शंभर अंशांवर ते किती जाड राहतं ते. मोजणी कशी करतात ते कळलं की गोंधळ कमी होतो. ५डब्ल्यूची गार चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २०. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात छापता, त्या पहाटेसुद्धा १५डब्ल्यूने गाडी बंद पडणार नाही. मग ०डब्ल्यू कशाला, असं एका इंजिनीअर गिऱ्हाइकाने मला सुनावलंच होतं. त्याचं निम्मं बरोबर आहे. गाडी सुरू होईल का हा आपल्याकडे प्रश्नच नाही. पण साध्या उन्हाळ्यातल्या ४० अंशांवरही ०डब्ल्यू-२० ची चिकटाई ४५ सेंटिस्टोक्सच्या आसपास असते आणि १५डब्ल्यू-४० ची शंभराच्या वर. दुपटीहून जास्त फरक झाला. ज्या गाडीचं आयुष्य गार इंजिनावरच जाणार तिला हा फरक रोज लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. पातळ ऑइलमागे कंपन्यांचा मायलेजचा स्वार्थ आहे, हे कुणी लपवत नाही. आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं की ते आणखी पातळ होतं. शंभर अंशांवर २० नंबरच्या ऑइलच्या चिकटाईला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स एवढीच जागा असते. त्यातल्या खालच्या आकड्याजवळ असलेल्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं तर ते नंबराखाली घसरतं. म्हणून थेट फवारणीचं टर्बो इंजिन असेल, फेऱ्या छोट्या असतील आणि पुस्तिकेने ०डब्ल्यू-२० व ५डब्ल्यू-३० दोन्हींना मुभा दिली असेल, तर मी ५डब्ल्यू-३० काढून देते. मुभा असेल तरच. पुस्तिकेत एकच नंबर असेल तर तोच घ्यायचा, गॅरेजवाला, शेजारी किंवा मी काहीही म्हटलं तरी.

नंबराइतकंच डब्यावरच्या अक्षरांकडे बघा. मागच्या बाजूला गोल शिक्का असतो, त्यात एपीआय (दर्जा ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) आणि पुढे दोन अक्षरं. पेट्रोल गाडीसाठी एसने सुरू होणारी अक्षरं, आणि दुसरं अक्षर जेवढं पुढचं तेवढा दर्जा नवा. एसएन २०१० सालचा, एसपी २०२० चा, एसक्यू २०२५ चा. नवा दर्जा जुन्या गाडीला चालतो, जुना नव्या गाडीला चालेलच असं नाही. एसपीपासून टायमिंग चेनची झीज आणि टर्बो इंजिनातला कमी वेगावरचा अवेळी स्फोट, या दोन्हींच्या चाचण्या त्यात आल्या. चेनची झीज छोट्या फेऱ्यांच्या गाडीला विशेष लागू पडते, कारण मळलेल्या पातळ ऑइलचा पहिला मार चेनला बसतो. सकाळी सुरू करताना दोन सेकंद जी खडखड ऐकू येते, ती बऱ्याचदा तीच. आमच्या बाजारात अजून एसएल, एसएमचे डबे स्वस्तात फिरतात. जुन्या गाडीला ते बिघडवतील असं नाही, पण शे-दोनशे रुपयांसाठी वीस वर्षांपूर्वीचा दर्जा घेण्यात काय हशील?

सिंथेटिकबद्दल माझं भांडण नाही, उलट मी तेच द्यायला बघते. गार असताना ते बरं वाहतं, तापल्यावर टिकतं, गाळ कमी धरतं. ०डब्ल्यूचे डबे तर जवळपास सगळे सिंथेटिकच असतात. पण त्यात पाणी उतरायचं थांबत नाही, पेट्रोल उतरायचं थांबत नाही. क्षारही कधीतरी संपतातच. महाग ऑइल दोन वर्षं ठेवण्यापेक्षा मधल्या किमतीचं, योग्य नंबराचं, योग्य अक्षरांचं ऑइल दर सहा महिन्यांनी फिल्टरसकट बदललेलं केव्हाही चांगलं. छोट्या गाडीत तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. वर्षाचा वाढीव खर्च एका टायरच्या किमतीहून कमी होतो. मी दुकानदार आहे, माझा गल्ला वाढेल म्हणून बोलते असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी इंजिन आतून धुवायचं फ्लश विकत नाही, इंजिन नव्यासारखं करणाऱ्या बाटल्याही ठेवत नाही, त्यात मार्जिन जास्त असूनसुद्धा.

गॅसवाल्यांची वेगळीच समजूत. सीएनजी स्वच्छ जळतो, ऑइल काळं पडत नाही, मग बदलायचं कशाला! ऑइलमध्ये गॅस मिसळत नाही हे खरं. पण एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी होतं, पेट्रोलपेक्षा जास्त. शिवाय बऱ्याच गाड्या गार असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि तापल्यावर गॅसवर जातात, म्हणजे छोट्या फेरीत बराच रस्ता पेट्रोलवरच कापला जातो. रंगावरून ऑइलची पारख करूच नका. काळं ऑइल चांगलं असू शकतं, सोनेरी ऑइल संपलेलं असू शकतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि पाण्याशी त्याचं सख्य आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांबाबत ढिलाई न करायला आणखी एक कारण मिळतं.

घरच्या घरी काय बघता येईल, तर दोन गोष्टी. महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि रात्रभर उभी असताना, ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वर चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल आपोआप वाढत नसतं. पट्टीचा वास घ्या, पेट्रोलचा भपकारा आला तर बदलायची वेळ झाली. दुसरं, ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट-पिवळट थर असेल तर ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं आहे. थंडीत, पावसाळ्यात तो थोडा दिसतोच. लगेच हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी इंजिनातली पट्टी) गेलं म्हणून इंजिन खोलायला देऊ नका. आधी कूलंटच्या टाकीची पातळी बघा. ती खाली जात नसेल तर बहुधा छोट्या फेऱ्यांचाच प्रकार, चांगली तासाभराची दौड काढा आणि ऑइल बदला. कूलंटही कमी होत असेल किंवा पट्टीवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र त्याच दिवशी मेकॅनिक गाठा. याच झाकणावरच्या थरापायी साठ हजारांचं काम सांगितलेलं माणूस माझ्या दुकानात बसून रडवेलं झालेलं मी पाहिलंय. कूलंट काठोकाठ होतं.

टाळेबंदीपासून आणखी एक खूळ घरोघरी शिरलं आहे, रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवायची. बॅटरी राहते म्हणे. पाच मिनिटांत बॅटरी फारशी चार्ज होत नाही, आणि ऑइलच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, ऑइल तापत नाही, गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल मात्र पडत राहतं. गाडी वापरायची नसेल तर आठवडाभर बंद ठेवा, काही बिघडत नाही. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, हायवेला नागठाण्याच्या पुढे जाऊन परत या. पहिली दोन-तीन मिनिटं हळू, मग वेग धरा.

डिझेलवाल्यांना मी एवढंच सांगेन की २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी फक्त गावात फिरवायला घेऊ नका. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ करायला गाडी मध्येमध्ये जास्तीचं डिझेल सोडून जाळी तापवते. तेवढ्यात आपण घरी पोचून चावी बंद केली की ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोलसारखं ते उडूनही जात नाही. घेतलीच असेल तर ऑइल कमी राखेचंच हवं, डब्यावर सी२, सी३ असं काही असतं, पुस्तिकेत दिलेलं तेच घ्या. राख जळत नाही, जाळीत बसते ती कायमची.

डबा नेहमी समोर फोडून घ्या, आणि रिकामा झाला की खिळ्याने भोक पाडून मगच टाका. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यांना बाजारात किंमत आहे, यावरून काय ते ओळखा. निघालेलं जळकं ऑइल गटारात किंवा परसात ओतू नका. कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला नेणारेही आहेत, तेही नको, पावसाने ते विहिरीकडेच जातं. गॅरेजवाल्याकडे परत द्या. आमच्या दुकानामागे पिंप ठेवलं आहे, परवानाधारक गाडी येऊन ते घेऊन जाते.

शेवटी एक मागणी, आणि ती आपल्या वर्तमानपत्राने लावून धरावी अशी माझी विनंती आहे. सर्व्हिसिंगच्या बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" आणि रक्कम लिहिलेली असते. नंबर नाही, दर्जाची अक्षरं नाहीत, कधी कधी किती लिटर तेही नाही. पिंपातून काय ओतलं हे मालकाला कळायला मार्ग नसतो. औषधाच्या बिलावर गोळीचं नाव आणि बॅच नंबर असतो, तसा ऑइलच्या बिलावर नंबर, दर्जा, लिटर आणि पुढच्या बदलाची तारीख असावी. गॅरेज छोटं असो की काचेच्या शोरूममागचं मोठं, सगळ्यांनाच हे लागू व्हावं. तोवर वाचकांनी बिल हातात घेण्याआधी हे चार रकाने लिहून मागावेत. माझ्या दुकानाच्या पावतीवर ते मी हाताने लिहिते, रबरी शिक्का करायला टाकला आहे.

आपली,
एक ऑइल-स्पेअरपार्ट दुकानदार,
सातारा